बोटाला विचारणाऱ्या मावशी

“थांबा सर, बोटाले इचारू द्या,” असं म्हणून मावशी रॅकेटच्या ताणलेल्या तारेवर टिचकी मारायच्या आणि डोळे मिटून बोट तसंच टेकवून ठेवायच्या. बोटानं होकार दिला तरच पुढची तार ओवली जायची.

आमच्या कारंज्याच्या शाळेत त्या शिपाई होत्या, मी खेळाचा मास्तर. एका माजी विद्यार्थ्यानं टेनिसच्या सहा रॅकेटी दिल्या आणि शाळेमागच्या सिमेंटच्या पटांगणावर मुली खेळू लागल्या. दोन महिन्यांत तीन रॅकेटींच्या तारा तुटल्या. तारा भरणारा माणूस अकोल्याला. पाठवलेली रॅकेट पंधरा दिवस परत येत नसे. मुली जाळीपाशी नुसत्या बसून राहत. मावशींना ते बघवेना.

“मायी बाज मीच इनतो सर. हे बी इनणंच हाय ना?”

मी मोबाईलवर तारा भरणाऱ्या एकाचा व्हिडिओ लावून दिला. “आवाज बंद करा. मले त्याचे हात पाहू द्या,” म्हणाल्या.

मग दर रविवारी त्यांच्या घरी आमची शाळा भरू लागली. रॅकेट बाकाला करकचून बांधायची. तार विहिरीच्या जुन्या कप्पीवरून घ्यायची आणि टोकाला पाण्यानं भरलेला कॅन लटकवायचा, म्हणजे ताण बसतो. तार निसटू नये म्हणून भोकात मोच्याची आरी खुपसायची. पहिली रॅकेट उभ्या तारा ओढतानाच कडकन मोडली. मावशी पदर तोंडाला लावून रडल्या. मी म्हटलं, “जाऊ द्या, हे आपलं काम नाही.” पुढच्या रविवारी गेलो तर दुसरी रॅकेट बाकाला बांधून तयार.

तिसऱ्या खेपेला जमलं. पुढची चार वर्षं आमची एकही रॅकेट अकोल्याला गेली नाही.

अकोल्याला मग मावशीच जाऊ लागल्या. छातीतली गाठ त्यांनी फार दिवस अंगावर काढली होती. सलाइनमधून औषध घेऊन यायच्या आणि दोन-तीन दिवसांत डोक्याला रुमाल बांधून शाळेत हजर. रॅकेटी भरणं सुरूच होतं.

एक दिवस नववीतली एक मुलगी हळूच माझ्याकडे आली. “सर, तारा लय सैल आहेत. मावशीले सांगू नका.”

मी ती रॅकेट घरी नेली, सगळ्या तारा कापल्या, नव्यानं भरल्या आणि गुपचूप जागेवर ठेवून दिली. वाटलं, कुणाला कळणार?

दुसऱ्या दिवशी मावशी ती रॅकेट घेऊन, तारेच्या टोकाच्या गाठीवर बोट ठेवून माझ्यासमोर उभ्या.

“ही गाठ मायी नाही.”

मीच भरल्याचं मी कबूल केलं.

“चांगली बांधली. पण काहून लपवलं सर? औषधानं बोटं बहिरी झाली, मले काय मालूम नाही? मले सांगाचं होतं.”

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू बोलल्या, आणि मला मान वर करता आली नाही.

पुढच्या रविवारी मीच रॅकेट घेऊन त्यांच्या दारात गेलो. त्यांनी ती बाकाला बांधायला लावली. मग म्हणाल्या, “तुमी ओढा. मी कानानं सांगतो.” मी तारेवर टिचकी मारायचो, त्या बाजेवर पडून ऐकायच्या. “ढिली हाय. अजून. हां, आता ठीक.”

शेवटी शेवटी त्या शाळेत यायच्या त्या फक्त बसायला. एका सकाळी पटांगणाकडेच्या खुर्चीवरून म्हणाल्या, “इतक्या रॅकेटी भरल्या सर, पण चेंडू एकबी मारला नाही. मारू का?”

बोटांना पकड नव्हती. नववीतल्या त्या मुलीनं आपली केसांची फीत सोडली आणि रॅकेट त्यांच्या हाताला बांधली. पहिला चेंडू हुकला. दुसरा जाळीत गेला. तिसरा जाळीवरून पलीकडे पडला आणि पलीकडच्या मुलीनं सवयीनं तो परत मारला.

“अवं पोरी, जरा दम खाऊ दे ना!” मावशी ओरडल्या आणि मोकळ्या हातानं पोट धरून हसल्या. मुली हसल्या. मीही हसलो.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. अकराव्या दिवशी सकाळी मुली खेळायला जमल्या, तेव्हा मी त्यांना घरी जायला सांगितलं. मावशी वारल्याचा निरोप पहाटेच आला होता. सगळ्या गेल्यावर मी एकट्यानं जाळी सोडली.