यंदा पोलिक्सेनीचं दार बंद

पोलिक्सेनीचा स्वभाव तिखट, हे आधीच सांगितलेलं बरं. तिच्या तोंडी लागायची आमच्या पेफ्कात कुणाची छाती नव्हती. पाद्रीबाबांनासुद्धा ती भर चर्चच्या पायरीवर म्हणायची, "बाबा, प्रवचन जरा आखडतं घ्या. तुमचा देव थांबेल, पण घरचा रस्सा चुलीवर करपतोय." पण माणूस सरळ. जे पोटात तेच ओठात. अशा माणसाला फसवणं फार सोपं असतं, कारण दुसऱ्याच्या पोटात वेगळं काही असेल हे त्याच्या डोक्यातच येत नाही.

खाली थेसालोनिकी दिवसभर भोंगे वाजवत असते आणि वर आमच्या टेकडीवर दुपारी पाइनचं बोंड पडलं तरी ऐकू येतं. इथल्या निम्म्या घरांचे पडदे पोलिक्सेनीनं शिवलेले. तिचा नवरा अर्गिरीस शहराची बस चालवायचा. एका हिवाळ्यात तो बसल्याबसल्याच गेला, छातीत कळ आली आणि संपलं. पदरी मूलबाळ नाही. ती महिनोन्‌महिने काळ्या कपड्यांत मशीनपाशी बसून राहायची, आणि तिला उठवून जेवू घालायची ती खालच्या वळणावरची डोमना. स्वतःचं पोट पुढे आलेलं, हातात सुपाचं भांडं, अशी चढ चढून यायची.

डोमनाला मुलगा झाला. त्याची नोना, म्हणजे धर्ममाता, पोलिक्सेनीच होणार हे ठरलेलंच होतं. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायचं ही आमची रीत. बाप्तिस्म्याच्या दिवशी डोमनाचा सासरा मिशीला तेल लावून चर्चमध्ये पहिल्या रांगेत उभा होता. पाद्रीबाबांनी विचारलं, मुलाचं नाव काय, आणि तेवढ्यात डोमना मागून पोलिक्सेनीच्या कानाशी लागली.

"तुझ्या माणसाचं नाव घे."

"वेडी झालीस का? सासरा जीव घेईल तुझा."

"घेऊ दे. तू घे नाव."

पोलिक्सेनीनं नाव घेतलं, अर्गिरीस. सासरा पाठ फिरवून चर्चबाहेर गेला तो कितीतरी दिवस सुनेशी बोलला नाही. त्या दिवशी पोलिक्सेनीनं मनात लिहून ठेवलं की या बाईसाठी आपला जीव गहाण. आणि ठेवलाही तिनं.

पोराचं काय काय केलं नाही तिनं. दर ईस्टरला सजवलेली मेणबत्ती आणि नवे बूट, हे तर नोनाचं कामच. पण हिनं त्याला पोहायला शिकवलं, परीक्षेच्या दिवसांत उशाशी बसून राहिली, सैन्यातून सुटीवर आला की त्याचे मोजेसुद्धा रफू केले. एकच गोष्ट तिला हवी होती. लग्नात वधूवरांच्या डोक्यावर पांढरे मुकुट ठेवून ते तीनदा अदलाबदल करायचे असतात, आणि तो पहिला मान नोनाचा. ते दोन मुकुट जोडणारी रेशमी फीत तिनं कधीच शिवून ठेवली होती. कपाटात बिस्किटांच्या डब्यात होती. अधूनमधून काढून इस्त्री करायची आणि परत ठेवायची.

अर्गिरीस इंजिनियर झाला. शहरातल्या एका बांधकाम कंपनीत लागला. लिम्नोस बेटावरची दनाई नावाची मुलगी त्यानं पसंत केली.

"अगं, मुलगी दाखवणार कधी?" पोलिक्सेनी डोमनाला विचारायची.

"सगळं ठरू दे. तुझ्याशिवाय पान तरी हलणार आहे का?"

मुकुटांचं मात्र पोलिक्सेनीनं तोंडातून काढलं नाही. नोनानं आपण होऊन विचारायचं नसतं. पोरानं केक घेऊन दारात यायचं असतं आणि म्हणायचं असतं, नोना, आमच्यावर मुकुट तूच ठेव. तिनं मनाशी धरलं होतं की तो तिच्या नावदिवसालाच येणार. दुसरा मुहूर्त कुठला असणार?

तो दिवस, म्हणजे तिच्या नावाच्या संतिणीचा सण, सप्टेंबरात, उन्हाळा मागे सरताना येतो. नावदिवसाचं आमंत्रण कुणी कुणाला देत नाही. दार उघडं ठेवायचं. ज्याला तुम्ही आपले वाटता तो येतो, हात मिळवतो, "खूप वर्षं जग" म्हणतो, चमचाभर गोड खातो, थंड पाणी पितो. पोलिक्सेनीकडे तर दरवर्षी जिन्यापर्यंत माणसं बसायची. शिव्या खायला यायची, म्हणा ना.

त्या दिवशी तिनं पाकातली अंजिरं काढली, चांदीचं तबक घासलं, निळा पोशाख घातला आणि बसली. कुणी येईना. सकाळी एकदा वाजला तेवढाच, त्यानंतर फोनही वाजेना. तिनं रिसीव्हर उचलून पाहिला, चालू होता. गॅलरीत जाऊन पाहिलं. समोरच्या फार्मसीवाल्याच्या बायकोनं तिला पाहिलं आणि मान खाली घालून आत गेली. पोलिक्सेनीला वाटलं, मी हिला मागच्या आठवड्यात काही बोलले का? बोलली असणार, पण ती तर रोजच बोलते. त्यात नवीन काय?

उन्हं उतरली तेव्हा दारात बार्बा लाझारोस, सगळ्यांचा लाझारोसकाका, उभा. म्हातारा मधमाश्या पाळतो. पेट्या घेऊन कितीतरी दिवस खाल्किदिकीच्या पाइनच्या रानात होता, आणि आजच परतला होता. हातात मधाची बरणी आणि चेहरा पडलेला.

"पोलिक्सेनी, आत्ता बसस्टॉपवर कळलं. मला राहवेना. वाईट झालं गं."

"काय वाईट झालं?"

"तुझा मेलबर्नचा भाऊ. अगदी शेवटच्या घटका मोजतोय म्हणे."

"कोण, माझा भाऊ? सकाळीच अर्धा तास बोलला. मूळव्याधीचं पुराण लावलं होतं. असा माणूस मरतो होय? तो आपल्या सगळ्यांना पोचवून जाईल."

बार्बा लाझारोसनं टोपी काढली आणि हातात फिरवत राहिला.

"तुला हे सांगितलं कुणी, बार्बा?"

"मला फार्मसीवालीनं. पण तिला... रविवारी चर्चबाहेर डोमनानं सगळ्यांना सांगितलं म्हणे. यंदा पोलिक्सेनीचं दार बंद आहे. कुणी जाऊ नका, फोनही करू नका, तिला रडू आवरत नाही."

पोलिक्सेनी खुर्चीत बसली. तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. डोमनाचं नाव ऐकून राग येण्याची तिला सवयच नव्हती.

"डोमनाकडे पाहुणे आहेत," बार्बा लाझारोस म्हणाला. "येताना पाहिलं, दाराशी परगावची गाडी उभी आहे. लिम्नोसचे व्याही असतील."

हे ऐकलं मात्र, पोलिक्सेनीचा चेहरा उजळला. "हात मेल्या, म्हणजे असं आहे होय. अरे, ते सगळे मिळून येणार आहेत. पोरीकडची माणसं पहिल्यांदा माझ्या घरी येणार, तिथं तुमच्यासारख्यांची जत्रा कशाला, म्हणून तिनं गल्ली मोकळी केली. पण भावाला मारायचं म्हणजे काय? सरळ सांगायचं मला."

तिनं अंजिराच्या बश्या पुन्हा मांडल्या. मुकुटांची फीत डब्यातून काढून टेबलावर ठेवली आणि जरा वेळानं लाजून परत आत ठेवली. पाइनच्या सावल्या अंगणभर पसरल्या. खालून कुणी येईना.

"लाजत असतील," ती उठली. "मीच जाते. ज्याचा नावदिवस त्यानं वाटलं तर काय बिघडलं?"

"नको जाऊस," बार्बा लाझारोस म्हणाला. पावसाळे पाहिलेला माणूस तो, त्याला वास आला होता. "बोलावल्याशिवाय..."

"नोना आहे मी त्याची. मला बोलावणं लागतं? तू बस इथे. कुणी आलं तर पाणी दे."

तबक घेऊन ती उतार उतरली. दोन्ही बाजूंना तिनंच शिवलेले पडदे, आणि एकेक पडदा किंचित हलत होता. डोमनाच्या बैठकीचे पिवळे पडदे ओढलेले होते. ती दारात पोचली, तर दार उघडायला एक अनोळखी, नीटनेटकी बाई आली. दनाईची आई, रोदांथी.

"या ना. डोमनाबाई स्वयंपाकघरात आहेत. शेजारच्या का तुम्ही?"

"हो, वरच्या अंगाला राहते. गोड आणलंय."

"किती छान. आमच्या बेटावरही अशीच रीत आहे." रोदांथीनं तिला आत नेऊन बसवलं. नवरा कोपऱ्यात पेंगत होता. मुलगी, दनाई, उठून उभी राहिली, गोड हसली. अर्गिरीस दिसला नाही. रोदांथी मोकळ्या स्वभावाची, बोलत सुटली. लग्न नोव्हेंबरात आहे, मुकुट अर्गिरीसच्या साहेबांच्या बाईसाहेब ठेवणार आहेत, फार मोठी माणसं.

"साहेबांची बायको?" पोलिक्सेनी म्हणाली.

"आम्ही काही लगेच हो म्हटलं नाही. मी पहिला प्रश्न हाच विचारला, मुलाची नोना आहे का? असेल तर मान तिचा. तिला डावलून दुसऱ्याच्या हातचा मुकुट माझ्या मुलीच्या डोक्यावर नको, अपशकुन असतो तो. तेव्हा बिचाऱ्यानं सांगितलं, गेल्या हिवाळ्यातच वारली. सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं हो. मी लिम्नोसला तिच्या नावानं गहू शिजवून चर्चमध्ये वाहिले. पोलिक्सेनी नाव होतं ना तिचं? आज तर तिचाच नावदिवस. तुम्ही ओळखत असाल."

पोलिक्सेनीनं तबक टेबलावर ठेवलं आणि चमचे वाजले. त्या आवाजानं स्वयंपाकघरातून डोमना आली आणि चौकटीतच थबकली. तिच्या मागे अर्गिरीस, हातात वाइनची बाटली.

पोलिक्सेनीनं त्या पोराकडे पाहिलं. नाव तिच्या नवऱ्याचं. आणि याच तोंडानं त्यानं तिला माती दिली होती, तीही साहेबाच्या बायकोसाठी. केसानं गळा कापतात तो असा. ओरडावं, तबक भिंतीवर फेकावं, एवढं तिच्या ओठांशी आलं. मग तिची नजर दनाईवर पडली. त्या पोरीला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. आणि तिच्या आईनं, न पाहिलेल्या बाईसाठी, गहू शिजवले होते. भरल्या घरात आज आपल्याला आपलं मानणारी हीच एक, आणि तीही मेलेली समजून, असं तिच्या मनात आलं.

"ओळखत होते ना," ती म्हणाली. "चांगली ओळखत होते. फार भांडखोर बाई. आणि बिनडोक. समोरचा बोलेल ते खरं मानायची."

"मेलेल्यांबद्दल असं बोलू नये," रोदांथी हळूच म्हणाली.

"खरं आहे. घ्या, तिच्याच नावानं आणलंय."

मेलेल्याच्या नावाचं गोड तोंडात घालण्याआधी काय म्हणायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रोदांथी म्हणाली, "देव तिला क्षमा करो." पेंगणारा नवरा डोळे उघडून तेच म्हणाला. दनाई म्हणाली. मग पोलिक्सेनी तबक घेऊन डोमनापुढे उभी राहिली.

"घे, डोमना. तू तर तिची जिवाभावाची."

डोमनानं पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुणे पाहत होते. "देव तिला क्षमा करो," ती शेवटी म्हणाली आणि अंजीर न चावता गिळलं.

अर्गिरीस बाटली छातीशी धरून उभा होता. दनाईनं त्याला कोपरानं ढोसलं. "म्हण ना रे. तुझी नोना होती."

पोलिक्सेनी थांबली. अजूनही, तबक धरलेले हात अवघडले तरी, तिला वाटत होतं की हा बाटली खाली ठेवेल आणि म्हणेल, ही बघा माझी नोना. एवढंच हवं होतं. बाकी सगळं ती गिळायला तयार होती.

"देव तिला क्षमा करो," अर्गिरीस म्हणाला, आणि बशी उचलली.

ती फाटकाशी पोचली तेव्हा तो मागून धावत आला. "नोना, ऐक तरी. माझ्या बढतीचा प्रश्न होता. साहेब स्वतःहून म्हणाले, मी नाही कसं म्हणू? आई म्हणाली, लग्न होऊन जाऊ दे, मग आपण सांगू..."

"काय सांगणार होतात? मी उठले म्हणून? उठायला मी काय ख्रिस्त आहे?"

"नोना..."

"कुणाला हाक मारतोयस? पाहुणे ऐकतील. आत जा."

तिनं फाटक लावलं आणि चढाला लागली. या वेळी तिनं कुणाच्या पडद्याकडे पाहिलं नाही. घरी बार्बा लाझारोस होता तिथेच बसला होता, गुडघ्यावर टोपी. तिनं रिकामं तबक टेबलावर ठेवलं, त्याच्यासमोर बसली आणि निळ्या पोशाखाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"भेटले का?" त्यानं विचारलं. "काय म्हणाले?"

"देव मला क्षमा करो म्हणाले."

त्यानं गुडघ्यावरची टोपी नीट केली. मग उगीच विचारलं, "आणि गोड?"

"सगळ्यांनी खाल्लं," पोलिक्सेनी म्हणाली. "चांगलं झालंय म्हणाले."