दसऱ्यापर्यंतचं खेळणं

गाडी धुतली की खाली चिखल साचतो, तसे आमच्याकडे किस्से साचतात. चिखल मंदाताई फावड्यानं ओढून बांधावर टाकते. किस्से मात्र माझ्याकडे राहतात, आणि कोणी चहा पाजला की बाहेर पडतात. आज तुम्ही पाजलाच आहे, तर ऐका!

मंदाताई म्हणजे माझी मोठी जाऊ. आमचं गाव दारव्हा–यवतमाळ रस्त्याला लागून. रस्त्याच्या कडेला आमच्या वावराचा एक तुकडा पडीक होता. तिथं आम्ही दोघींनी मागच्या उन्हाळ्याच्या शेवटी टिनाचं शेड टाकलं आणि प्रेशर वॉशिंगची मशीन आणली. जोरात पाण्याची धार मारून गाडी, ट्रॅक्टर, भिंत, फरशी, काय म्हणाल ते धुऊन देतो.

कल्पना माझी. आमचे हे दारव्ह्याहून प्रवासी जीप चालवतात आणि ती जीप धुवायची मी, बादली घेऊन! एकदा यवतमाळला मशीननं गाडी धुताना पाहिली आणि घरी येईपर्यंत डोक्यात दुसरं काही आलंच नाही. मंदाताईला भीत भीत सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "धुण्यातच जिंदगी चालली वं आपली. लोकायचं धुवून नाव तरी होऊ दे!"

मामाजींनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, मशीनभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाले, "हे खेळणं दसऱ्यापरेंत पाहू. नाही चाललं तं इकून टाकाचं, अन् दोघीनंबी वावरात याचं."

मामाजींचा शब्द घरात शेवटचा. त्यामुळे सगळा पावसाळा मी दसऱ्याला घाबरून काढला. मला ती मशीन विकायची नव्हती. वावरातल्या कामाची लाज नाही, ते आम्ही आजही करतो. पण "तुमची सून काय करते?" असं कोणी विचारलं तर आमचं स्वतःचं असं काही उत्तर असावं, एवढंच मला वाटत होतं. मंदाताई बोलायची नाही, पण तिलाही तेच वाटत होतं.

* * *

पहिली ट्रायल घरीच घेतली. मंदाताई म्हणाली, अंगणापासून सुरू करू, शुभ असते.

मी बटण दाबलं. तिनं पाइपाच्या टोकाच्या गनचा घोडा ओढला. अशी धार सुटली की मंदाताई दोन पावलं मागे! डोळे मिटून तिनं गन मात्र घट्ट धरून ठेवली. मी ओरडते आहे, "सोडा, ताई, सोडा!" आणि तिला वाटतंय मी म्हणते आहे, पाणी सोडा. ती आणखी दाबते आहे!

मशीन बंद केली तेव्हा अंगण स्वच्छ झालं नव्हतं. अंगण गेलंच होतं! शेणानं सारवलेली जमीन ती, कुठं टिकणार? मधोमध चांगला गुडघाभर खड्डा आणि सारवणाचा सगळा काला भिंतीवर.

मंदाताईनं खड्ड्याकडे पाहिलं. "सकाळी मीच सारवलं वं हे!"

मामाजी ओसरीवर बसून सगळं पाहत होते. उठता उठता एवढंच म्हणाले, "वावरातली इहीर थोडी खोल कराची हाय. उद्या तिकडं घेऊन जा."

* * *

पावसाळा म्हणजे आमचा हंगाम, असं मला वाटलं होतं. चिखल जास्त तर काम जास्त! पण लोकांचा हिशेब वेगळाच. एक म्हणायचा, पाऊस आपोआप धुते. दुसरा म्हणायचा, धुतलं तं संध्याकाळपरेंत परत भरते. आणि आमच्या शेजारचे देवरावकाका रोज ट्रॅक्टर घेऊन शेडसमोरून जाताना मुद्दाम वेग कमी करायचे. "पाणी तं माह्या घरीबी हाय! त्याचे कोणी पैसे देते काय?"

रोज! एक दिवस चुकला नाही.

शेवटी आमच्या यांच्याच ओळखीचा एक जीपवाला आला. जीप नव्हतीच ती, चिखलाचा गोळा होता चाकं लावलेला. आम्ही दोघींनी जीव लावून धुतली. खालून धुतली, आतून धुतली. मूळ रंग निघाला तेव्हा मालकसुद्धा हरखला. म्हणाला, निळी होती काय माही गाडी!

दुसऱ्या दिवशी भर पावसात तोच परत दारात. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला.

"ताई, तो चिखल कुठं टाकला तुम्ही?"

"कायले?"

"परत लावून द्या न. खालचा पत्रा सडला होता, चिखलानं भोकं बुजली होती. आता सवाऱ्या पाय वर घेऊन बसून राह्यल्या!"

मी हसू दाबायला शेडच्या मागे पळाले. मंदाताई मात्र धंद्याला पक्की झाली होती. "लावून देतो न भाऊ. पण धुवाचा चार्ज वेगळा अन् चिखल लावाचा वेगळा!"

* * *

आमची पहिली जाहिरात लाइट गेल्यामुळे झाली.

शेजारच्या गावचा एक शेतकरी बाजाराच्या दिवशी ट्रॅक्टर घेऊन आला. त्याला दारव्ह्याच्या बाजाराला जायची घाई. डावी बाजू धुऊन झाली, चकचकीत लाल निघाली. उजवीकडे वळलो आणि लाइट गेली. वाट पाहिली. लाइट येईना, तो थांबेना. "जाऊ द्या," म्हणाला, "येताना उरलेला धुतो," आणि गेला तसाच.

संध्याकाळी आला तो वैतागून. "जाताना सारे डावीकडून पाहून राह्यले होते. म्हणत, नवा घेतला काय? पेढे दे! येताना तेच लोक उजवीकडून पाहून राह्यले. म्हणत, नाल्यात पलटी झाला काय? लागलं तं नाही?"

पण झालं काय, दिवसभरात अर्ध्या बाजारानं विचारलं, हे कुठं धुतलं. पुढच्या आठवड्यात तीन-चार नवी गिऱ्हाइकं आली. त्यातला एक तर म्हणाला, "माहाबी अर्धाच धुवा. घरी जाऊन बायकोले फरक दाखवतो!"

* * *

पोळ्याच्या आदल्या दिवशी गावातला गोविंदा बैलजोडी घेऊन शेडमध्ये हजर. म्हणाला, "नाल्याले गढूळ पाणी हाय. तुमच्या मशीननं मारून द्या."

मंदाताई नाही म्हणतच होती, तेवढ्यात मागून आवाज आला, "खबरदार!"

मामाजी! मशीन आणल्यापासून ज्यांनी शेडात पाय ठेवला नव्हता, ते वावरातून तरातरा चालत आले होते. "बैल काय ट्रॅक्टर हाय काय रे गोविंदा? सोलून निघन तो!"

त्यांनी आमच्या टाकीला साधा पाइप लावला, धोतर खोचलं आणि हातानं चोळून चोळून बैल धुतले. शिंगं धुतली, खूर धुतले, कानामागे बोट घालून गोचीड काढले. ते पाहून दुसरा आला, तिसरा आला. दिवस मावळेपर्यंत गावातले निम्मे बैल आमच्या शेडात आणि मामाजी नखशिखांत भिजलेले. मी चहा नेऊन दिला तेव्हा ते एका बैलाशी गप्पा मारत होते.

मला वाटलं, आता तरी काही चांगलं बोलतील. कप रिकामा करून म्हणाले, "जागा चांगली हाय. मशीन बेकार हाय."

मंदाताई मला हळूच म्हणाली, "अर्धे तं पास झालो!"

* * *

नवरात्राच्या तोंडावर देवरावकाका चतुर्थीला कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेले. ते एसटीत बसले असतील-नसतील, तोच काकूंचा निरोप आला. "मशीन घेऊन या. दिवाळीचा रंग द्याचा हाय. भिंत धुवून द्या. हे घरी याच्या आत!"

आमच्याकडे घरात लग्न निघालं की दर्शनी भिंतीवर पेंटर नवरा-नवरीची नावं रंगवतो, सोबत गणपती, केळीचे खांब. लग्न होऊन जातं, नावं वर्षानुवर्षं राहतात. काकूंच्या भिंतीवर त्यांच्या मुलीचं नाव होतं, तेही फिकट झालेलं.

मंदाताईनं धार मारली. मुलीचं नाव गेलं. त्याखालचा चुन्याचा थर निघाला. त्याखालचाही एक पापुद्रा सुटला आणि काकू एकदम ओरडल्या, "थांब वं पोरी!"

भिंतीवर ऑइलपेंटची जुनी अक्षरं दिसत होती. एका बाजूला देवराव. दुसऱ्या बाजूला शांता. वर एक हिरवा पोपट.

काकू पदराचं टोक तोंडात धरून उभ्या राहिल्या. त्यांना लाज वाटत होती आणि हसूही येत होतं. मला तर रडूच आलं, का ते विचारू नका.

आम्ही पाइप गुंडाळेपर्यंत काका प्रसाद घेऊन परत आले. भिंतीजवळ गेले, पोपटावरून बोट फिरवून पाहिलं. मग काकूंना म्हणाले, "एकच पोपट होता काय आपल्या लग्नात?"

"दोन होते. एक तुम्ही चुना मारून उडवला!"

रंगाऱ्याला सांगितलं गेलं, तेवढा चौकोन सोडून बाकी भिंत रंगव. निघताना मंदाताईला राहवलं नाही. "काका, पाणी तं तुमच्या घरीबी होतं!"

काकांनी आमच्या दोघींच्या हातावर प्रसाद ठेवला. त्या दिवसापासून शेडसमोरून जाताना त्यांनी वेग कमी करणं सोडलं.

* * *

आणि मग दसरा आला.

आदल्या दिवशी ही गर्दी! दसऱ्याला गाडीची पूजा, म्हणून सगळ्यांनाच ती धुवायची. जीपा, मोटरसायकली, ट्रॅक्टर, एक उसाचा रस काढायचा गाडासुद्धा! अंधार पडला तरी काम संपेना. उरलेल्यांना सांगितलं, सकाळी लवकर या. मामाजी रस्त्याच्या पलीकडे उभे राहून बराच वेळ ती रांग पाहत होते.

सकाळी आम्ही दोघी वावरातलं काम उरकून परस्पर शेडवर पोचलो तर रांग आमच्या आधी हजर. सर्वात पुढे देवरावकाकांचा ट्रॅक्टर.

शेडात मशीन नव्हती. पाइप नाही, गन नाही. नुसती रिकामी ओली जागा.

मंदाताई जुन्या टायरवर मटकन बसली. "इकली वं. मामाजीनं इकली. दसऱ्यापरेंतच म्हटलं होतं न त्यायनं."

काल एवढी रांग पाहिली त्यांनी, तरी? डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. मी तिचा हात धरून उठवलं आणि आम्ही घराकडे अक्षरशः पळत सुटलो. मागून देवरावकाका ओरडत होते, "अवो, कुठं चालल्या? पूजेची येळ जाऊन राह्यली!" आणि ट्रॅक्टर सुरू करून ते आमच्या मागे. त्यांच्या मागे अख्खी रांग!

घरासमोर येऊन आम्ही थांबलो.

खड्डा बुजवून सारवलेल्या त्याच अंगणात रांगोळी काढलेली होती. तिच्यावर दरवर्षीप्रमाणे ओळीनं मांडलेलं सगळं: नांगर, वखर, डवरा, कुऱ्हाड, विळे. आणि शेवटी आमची मशीन. पुसून लख्ख केलेली. पाइपाचं नीट वेटोळं, त्यावर गन ठेवलेली, वर झेंडूचा हार. मामाजी उकिडवे बसून तिला हळद-कुंकू लावत होते.

देवरावकाकांनी ट्रॅक्टरवरूनच आवाज दिला, "भाऊ, मशीन द्या न बाहीर! एवढे लोक खोळंबले!"

मामाजींनी मान वर केली नाही. आपट्याचं पान मशीनवर ठेवलं आणि म्हणाले, "आज नाही भेटत, देवराव. दसऱ्याच्या दिवशी आपण अवजाराले कामाले लावतो काय कधी?"