कॉलेजवाली आत आली नाही

लिफ्टमध्ये कुणी विचारलं, कुठली गं तू, की कॉलेजवाली सरळ सांगायची, "मी वारली." इथे शारजात, अल मजाजमध्ये, सगळे मुंबई नाहीतर पुणे सांगतात. मी डहाणूकडची, नववी झालेली, मी पण मुंबईच सांगते, एका शब्दात सुटका होते. ती मात्र आमचा मजला येईपर्यंत समजावत राहायची, आदिवासी म्हणजे कोण, पाडा म्हणजे काय, आणि मी लेकीला, आर्याला, कडेवर घट्ट धरून लिफ्टचे आकडे बघत असायचे. मला लिफ्टची भीती वाटते. हिला कशाचीच वाटत नाही, याचाच मला पहिल्या दिवसापासून राग.

आमच्या फ्लॅटमधली छोटी रूम आम्ही तिला भाड्याने दिली होती. समुद्राचं पाणी गोड कसं करायचं ते शिकायला ती इथल्या युनिव्हर्सिटीत आली होती, सरकारच्या स्कॉलरशिपवर. माझ्या माहेरी वारली बायका करवंदं विकायला यायच्या, आई त्यांना ओट्याच्या खालीच बसवायची. आणि ही माझ्या सोफ्यावर पाय वर घेऊन, मांडीवर लॅपटॉप. आमचे हे हमरियाच्या कंपनीतून ड्युटी करून आले की आधी तिलाच विचारणार, "काय मॅडम, आज काय शिकवलं?" दिवसभर घरात काय झालं ते मला कुणी विचारत नव्हतं.

कॉलेजवाली हे नाव मी ठेवलं नाही. तीच म्हणाली, "वहिनी, आमच्या पाड्यावर पण मला हेच म्हणतात. खरं नाव आता फक्त आईच्या तोंडात राहिलंय." मला वाटलं, शेखी मिरवते.

दिवाळीत बिल्डिंगमधल्या मराठी बायकांनी तिला धरलं, तू वारली ना, मग लॉबीत वारली पेंटिंग काढ. ती म्हणाली, "काकू, मी वारली आहे, पण मला साधा त्रिकोण जमत नाही." ऐकतंय कोण. मग काढलं तिने, नाचणारा माणूस काढला तो पाय मोडल्यासारखा. मी आतून इतकी खूश झाले. तर बायका म्हणतात, किती ओरिजिनल आहे, आणि सेल्फी काढत बसल्या. त्या गडबडीत माझ्या रांगोळीवरून एक जण चालत गेली.

मग आर्याची केजीची ॲडमिशन आली. शाळेत आईवडिलांना आत बोलावतात, इंग्लिशमध्ये विचारतात. यांना सुट्टी मिळेना. जेवताना हे म्हणाले, "कॉलेजवालीला घेऊन जा. तीच बसेल आत, इंग्लिश बोलेल, काम खलास. तू बाहेर थांब." आत जायची भीती होतीच, पण माझ्या मुलीच्या शेजारी, आईच्या खुर्चीत, ही बसणार? आर्या तर नाचायलाच लागली, "मावशी इज कमिंग, मावशी इज कमिंग." कॉलेजवाली नुसतं ताटात बघत राहिली.

शाळेत आर्याचं नाव पुकारलं, तर हिने पोरीचा हात माझ्या हातात दिला आणि जागची हलेना.

"जा वहिनी."

"अगं, हे म्हणाले तू जा."

"दादांना मी सांगेन."

"मला इंग्लिश येत नाही गं."

"मग येत नाही म्हणून सांगा. मी आत येणार नाही."

मी रडकुंडीला आले. हिला माझी फजिती बघायची आहे, दुसरं काय.

आत मॅडम काहीतरी बोलल्या, मला कळलं फक्त मदर. मी म्हटलं, "यस, मदर. इंग्लिश नो. हिंदी?" मॅडम केरळच्या, त्यांची हिंदी माझ्यापेक्षा मोडकी. आम्ही दोघी अडखळत बोललो, आर्या काय खाते, कधी झोपते, कशाला घाबरते. ते तर मलाच माहीत होतं. आर्या मध्येच म्हणाली, "मम्मा इज स्केअर्ड ऑफ लिफ्ट." मॅडम हसल्या, म्हणाल्या, "मैं भी." आणि ॲडमिशन झाली.

बाहेर येऊन मी तिच्यावर ओरडले, का नाही आलीस.

ती म्हणाली, "मला आश्रमशाळेत घातलं ना, तेव्हा आईला फाटकाबाहेर थांबवलं. वारलीच बोलते, तिला काय कळणार म्हणून. गावातली एक शिकलेली ताई माझ्याबरोबर आत बसली. चांगली होती हो ती. पण मी सगळा वेळ खिडकीतून आईलाच बघत होते." मग उठली. "यल्ला, चला, आता चहा पाजा."

डिग्री झाली आणि ती गेली, आता पालघरकडेच नोकरी करते. ती गेल्यावर आर्या किती दिवस धड जेवेना, माझ्यासाठी ती कधी अशी रडली नाही. माझा हेवा गेला असं मी म्हणणार नाही. तिने फोटो पाठवला होता, अंगात काळा गाऊन, शेजारी तिची आई, आणि ती चौकोनी टोपी आईच्या डोक्यावर. तो फोटो मी पटकन बंद करते आणि मग परत उघडते.

परवा लिफ्टमध्ये एका बाईंनी आर्याला विचारलं, कुठली तू. "आय ॲम वारली," आर्या ठसक्यात म्हणाली. पोरगी माझ्या पोटची, आणि सांगते तिचं. बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "ते तिच्या मावशीचं. आम्ही डहाणूकडचे." डहाणू कुठे आलं, ते त्यांना माहीत नव्हतं. आमचा मजला येईपर्यंत मी सांगत राहिले.