त्यागाचे दाखले

आणीबाणीचं दुसरं वर्ष चालू होतं. भोकरदन तालुक्यातल्या एका गावात मी प्राथमिक शाळेवर शिक्षिका होते. वय बावीस, नोकरी अजून कायम झालेली नव्हती. वडील दुसऱ्याच्या शेतात राबणारे. आमच्या घरात शाळा पूर्ण केलेली मी पहिलीच. त्या दिवसांत प्रत्येक शिक्षकाला नसबंदीच्या केसेस, म्हणजे ऑपरेशनला तयार झालेली माणसं, आणायला सांगितलं होतं. मी एकही आणली नव्हती. लग्न न झालेल्या मुलीनं कुणाच्या दारात जाऊन हे कसं बोलायचं, तेच मला कळत नव्हतं.

एके सकाळी हेडमास्तरांनी बोलावलं.

"आठ दिवसांनी तालुक्याहून साहेब येतायत. गावसभेत तुम्ही भाषण करायचं. विषय, त्याग हे मूल्य. शिकत असताना भाषणात बक्षिसं मिळवलीत ना तुम्ही? लोकांना पटलं पाहिजे. भाषण संपलं की तिथंच नसबंदी शिबिराची गाडी उभी राहील."

"मला नाही जमलं तर, सर?"

"तुमच्या नावापुढं अजून भोपळा आहे, बाई."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. मी बरं म्हणून बाहेर आले.

शाळेच्या कपाटात पाठ्यपुस्तकं आणि एक फाटका नकाशा, बाकी काही नव्हतं. म्हणून रविवारी एसटीनं जालन्याला गेले. तिथल्या वाचनालयात आधी वर्तमानपत्रं चाळली. चारही पेपरांत पंतप्रधानांचा तोच फोटो आणि कुटुंबनियोजनाची तीच वाक्यं. मी ती वहीत उतरवू लागले तसे ग्रंथपाल जवळ येऊन उभे राहिले. म्हातारे गृहस्थ, निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले.

"तुमाला लोकांना पटवायचंय का पाठ म्हणून दाखवायचंय?" त्यांनी विचारलं.

"पटवायचंय."

"मंग हे बिलकुल कामाचं न्हाई." त्यांनी कपाट उघडून चरित्रांची पाच-सहा पुस्तकं समोर ठेवली. "इथं बघा."

संध्याकाळच्या गाडीपर्यंत मी वाचत बसले. राजवाडा सोडणारे, जमीन वाटून टाकणारे, दुसऱ्याचं मरण आपल्या अंगावर घेणारे. एकेक दाखला लिहीत गेले, आणि तिसऱ्या-चौथ्या दाखल्याला हात थांबला. यांतल्या कुणालाच कुणी सांगितलेलं नव्हतं. सगळ्यांनी आपल्या मनानं सोडलं होतं. काहींना तर घरच्यांनी अडवलंही होतं. मी पुस्तकं परत केली तेव्हा ग्रंथपालांनी वहीकडं बघितलं. रजिस्टरात माझी सही घेतली, एवढंच.

हेडमास्तरांना भाषणात गावातला एक तरी दाखला हवा होता. मी राहत होते त्या खोलीशेजारी आमच्याच समाजाचं, बौद्धांचं, एक घर होतं. नवरा-बायको आणि दोन मुली. दोघंही मजुरीला जायची. मी त्यांना दादा आणि वहिनी म्हणायची. वहिनी आठवड्यातून दोनदा तरी माझ्यासाठी भाजी पाठवायच्या. दादांबद्दल गावात एक गोष्ट सांगायचे. दुष्काळात खडी फोडायच्या कामावर एकाच माणसाची जागा राहिली होती. ती दादांना मिळाली, तर त्यांनी ती मागं उभ्या असलेल्या एका विधवा बाईला दिली आणि स्वतः हमालीसाठी पायी जालन्याला गेले. मी त्यांना विचारायला गेले. ते अंगणात विळ्याला धार लावत बसले होते.

"दादा, का दिली हो जागा?"

"का म्हंजे? तिची लेकरं रडून राह्यली होती. द्यावंसं वाटलं, दिली."

"कुणी म्हणालं होतं का?"

"न्हाई. कोण कशाला म्हणंल?"

वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्यांना मी काही विचारलं नाही. मला हवं होतं ते मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना वही दाखवली. "सर, एवढे दाखले मिळाले. पण सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. त्याग सांगून करून घेतलेला नाही. हे बोलल्याशिवाय भाषण खरं होत नाही."

त्यांनी उठून दार लोटून घेतलं. वही दोनदा वाचली.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "पण हे वाक्य घ्यायचं न्हाई. माझी दोन वर्षं राहिलीत नोकरीची. तुमची तर अजून सुरूही झाली न्हाई."

त्यांनी स्वतः ते वाक्य खोडलं नाही. पेन माझ्याकडं सरकवलं. मी खोडलं.

सभा पारासमोर झाली. बायका एका बाजूला, पुरुष समोर. मी छान बोलले, हे मला बोलतानाच कळत होतं. लोक हलायचे थांबले होते. शेवटी दादांची गोष्ट सांगितली, नाव न घेता. पण गाव केवढंसं. खडीचा शब्द निघाला तशा सगळ्या माना त्यांच्याकडं वळल्या. टाळ्या पडल्या. साहेब उठले, हसून म्हणाले, "असा माणूस या गावात असेल तर आज तोच पहिला पुढं येईल."

दादा बसल्या जागेवरून आधी माझ्याकडं बघत राहिले. मला तेव्हाही बोलता आलं असतं. माईक माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी खाली बघितलं. थोड्या वेळानं ते उठले, टोपी नीट केली आणि गाडीत जाऊन बसले. त्यांच्यामागं आणखी सहा-सात जण गेले. ती केस माझ्या नावावर मांडली गेली.

दुसऱ्या दिवशी ते परत आले. प्रकृतीला काही झालं नाही. रस्त्यात भेटले की पूर्वीसारखे बोलायचे. भाजी मात्र यायची बंद झाली.

पुढच्या वर्षी निवडणूक झाली, सरकार बदललं, मी कायम झाले आणि बदली मागून घेतली. जायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांच्या घरी गेले. दादा कामावर गेले होते. वहिनींनी पाणी दिलं. मी म्हणाले, "वहिनी, माझं चुकलं. मी दादांची गोष्ट तिथं सांगायला नको होती."

त्या माझ्यासमोर खाली बसल्या.

"सांगायची तर बराबर सांगायची, बाई," मग त्या म्हणाल्या. "ते जालन्याला गेल्ते, तेव्हा धाकटी माझ्या पोटात होती. थोरलीला घेऊन एकवीस दिस मी इथं काढले. काय खाल्लं ते मलाच ठाव. ते गाडीत बसायच्या आधीबी मला कुणी इचारलं न्हाई. तुमी अंगणात येऊन बसल्या होत्या, वही घेऊन. मी तिथंच होते."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. त्यांनी तो उचलला आणि धुवायला बाहेर नेला.