अयुबभाईंची दोन आवाजांची पेटी

कडबाकुट्टीत डाव्या हाताची दोन बोटं गेली, तवापासून वरवंडच्या अयुब शेखचं बेंजो वाजवणं सुटलं. त्याच्या जागी मच्छिंद्र आला. टेम्पोवरची अयुबची जागा मात्र बेंजो पार्टीचे मालक सोपानराव यांनी ह्या लगीनसराईपुरती राखली होती. "पेटी करतो म्हन्ता, तर करा अयुबभाई. न्हाई जमली तर मग मी कॅसिओवाला आणनार."

अयुब एरवी स्टँडवर रेडिओ-टेप दुरुस्त करायचा. जुनी सुटी सामग्री गोळा करून त्यानं एका बोटानं वाजेल अशी पेटी जोडली. आत दोन वेगळे आवाज तयार व्हायचे आणि चौदा पायांच्या एका आयसीत, म्हणजे बोटाएवढ्या काळ्या चिपमध्ये, जाऊन एक व्हायचे. त्या आयसीची रीत सरळ होती. आत येणारे दोघं वेगळे असतील तरच ती बोलणार. दोघं सारखे झाले की गप. दोन सूर वेगळे लावले की त्यातून तिसराच, घसा बसलेल्या सनईसारखा आवाज निघायचा.

"अवो, बंद करा ते," त्याची बायको खातून गोठ्यातून ओरडायची. "म्हैस पान्हा चोरती."

अयुबला मात्र तो आवाज गोड लागायचा.

पाटसला हळदीची मिरवणूक निघायच्या आधी, टेम्पोवरच, मांडवातून ओढलेल्या करंटवर सोपानरावांनी पेटी ऐकायला मागितली. "दोन्ही आवाज बेंजोच्याच सुरात लावा. दणका पायजे."

टेम्पोवर जन्म गेलेल्या अयुबला त्यात वावगं काय वाटणार? पार्टीत वाद्यं दहा, पण चाल एकच. सगळे एका सुरात भिडले की गाव हलतं. अयुबनं एक आवाज मच्छिंद्रच्या तारेला जुळवला. मग दुसरा पहिल्याला. बटन फिरवता फिरवता सूर जुळत आले, आणि जुळले त्या जागी आवाज बारीक होत पार मेला.

त्यानं वायरी चाचपल्या. पिन काढून घातली. मग डोक्यात लख्ख उजेड पडला आणि कानशिलं तापली. आयसी बिघडली नव्हती. तिनं आपलं काम चोख केलं होतं.

त्यानं बटन जरासं सरकवलं. आवाज परत आला, पण बेंजोला खायला उठला.

"भाई, ह्ये गानं हाय का ट्रकचा भोंगा?" मच्छिंद्र म्हणाला. मांडवातल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

"मालक, आतली जोडणी बदलायला लागंल. दुसरी आयसी टाकली की दोघं संगं बोलत्याल. मला आत्ता कळलं बघा."

"तुम्हाला आत्ता कळलं, आन् तिकडं नवऱ्याच्या अंगावर हळद वाळली." सोपानराव चिडले नव्हते, हेच अयुबला जास्त लागलं. "खाली उतरा. जनरेटरपाशी बसा. उद्या कॅसिओवाला यील."

पेटी काखेत मारून तो उतरला. टेम्पोच्या मागं गाड्यावर जनरेटर बांधला होता.

"भाई, करंट द्या!" वरून मच्छिंद्रची हाक आली.

अयुबनं दोरी ओढली. धडधड सुरू झाली, आणि वर कुठलं गाणं धरलंय ते त्याला ऐकू येईना.