नथीचा चाप आणि सोमवारचा टाय

टाय हा प्रकार आपल्याकडच्या माणसांसाठी नाहीच, असं माझं मत लग्नाआधीपासून होतं. एक हात असलेल्या माणसाला टायची सक्ती करणारे लोक भेटल्यावर ते आणखी पक्कं झालं.

आमचे हे एकाहत्तरच्या लढाईतून आले ते डावा हात मनगटापासून गमावून. पुढची काही वर्षं गावाकडच्या ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसण्यात गेली. मग साताऱ्याजवळच्या एका निवासी शाळेत वसतिगृहाचे अधीक्षक म्हणून नोकरी मिळाली. पहिलं वर्ष कच्चं, मग कायम. राहायला आवारातच दोन खोल्या होत्या. सगळं बरं होतं, फक्त दर सोमवारी झेंड्यापुढे परेड असे, सलामी ह्यांनी द्यायची असे आणि टाय घालूनच द्यायची असे.

सोमवारी सकाळी हे आरशापुढे उभे राहत. टायचं बारीक टोक दातांत धरायचं आणि उजव्या हातानं गाठ वर सरकवायची. गाठ वाकडी बसे, टोक थुंकीनं ओलं होई, की सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. पहिल्याच सोमवारी मी न राहवून पुढे झाले, तर म्हणाले, "गळ्याला हात लावू नको. हात गेलाय, मी न्हाई गेलो." आवाज चढवला असता तर मी भांडले असते, भांडण मला चांगलं जमतं. पण ते हळू बोलले. मी गुपचूप चहाचं आधण ठेवायला गेले.

एका सोमवारी भर परेडीत गाठ सैल होऊन खाली घसरली. मुख्याध्यापक भला माणूस. ते पुढे आले, सगळ्या शाळेदेखत त्यांनी ह्यांचा टाय नीट करून दिला आणि वर पाठ थोपटली. हे घरी आले, बूट काढले आणि म्हणाले, "आता पुन्हा असं झालं तर मी नोकरी सोडतो." मला ती ओसरी आणि ती भिंत दिसायला लागली.

मी सांगलीच्या सोनाराची मुलगी. लहानपणी माझं नाक टोचलं ते पिकलं आणि भोक बुजून गेलं, म्हणून लग्नात आप्पांनी मला चापाची नथ करून दिली होती. चाप दाबायचा, नाकपुडीवर बसवायचा, सोडून द्यायचा. लग्नाच्या दिवशी मी एवढी रडले, एवढी जेवले, पण नथ जागची हलली नव्हती. ती डब्यातून काढली आणि मनात आलं, नाकाला धरते ती कॉलरला का धरणार नाही?

हे कामावर गेले की मी त्यांचा शर्ट अंगात घालायची, डावा हात पदरात गुंडाळून ठेवायची आणि केसांच्या आकड्यांशी झटापट करायची. टायची गाठ एकदाच बांधून दोऱ्यानं टाचून टाकायची. मानेभोवतीचा पट्टा कापायचा. गाठीमागे एक आकडा, तो गळ्याच्या गुंडीवर अडकेल. त्याच्या दोन बाजूंना दोन जिभा, त्या कॉलरच्या आत शिरून कापड चिमटीत धरतील. अंगठ्यानं दाबलं की उघडेल, सोडलं की मिटेल. हे सगळं एका हातानं मला जमलं त्या दिवशी मी शेजारणीला विनाकारण लाडू दिले. मग आकडे पदराला बांधून आणि ह्यांचा एक जुना टाय पिशवीत घालून एसटीनं सांगली गाठली.

आप्पांनी आकडे उलटेपालटे केले. "जमेल," म्हणाले, "चांदीत करतो."

"पोलादाचा करा. रोज दाबायचाय."

"अधिक महिना चाललाय. धोंड्याच्या महिन्यात जावयाला लोखंड देऊ? लोक शेण घालतील तोंडात."

मी पुष्कळ वाद घातला. पण जावई आणि चांदी या दोन गोष्टी एकत्र आल्या की आप्पांना ऐकू येत नसे.

जेवायला आम्हा दोघांना बोलावणं आलं. पुरणाचे धोंडे झाले आणि अनारशांच्या ताटात, निरांजनाशेजारी, टायच्या गाठीला बसवलेला तो चाप ठेवलेला होता. वर छोटी पानं कोरलेली. कुणी काही सांगायच्या आत ह्यांनी तो उचलला, गाठीसकट गळ्याशी नेला, अंगठा दाबला आणि सोडला. टाय बसला. आप्पा म्हणाले, "जावईबापू, झकास." आणि हे हसले. कितीतरी दिवसांनी मी त्यांचे दात पाहिले. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. आनंद होताच, पण एक काटाही होता. ज्या गळ्याला मला हात लावू देत नव्हते, त्याला माझा हात कधीच लागू नये अशी सोय मीच करून ठेवली होती.

पुढचे काही सोमवार सुखाचे गेले. मग चांदी दमली, चापाची पकड सैल झाली. त्या दिवशी मी खिडकीतून परेड बघत होते. ह्यांनी सलामीला हात वर नेला आणि टाय सुटून पायाशी पडला. एकच हात, तो कपाळाशी. झेंडागीत संपेपर्यंत हात खाली आला नाही, मानही हलली नाही. मग त्यांनी वाकून टाय उचलला आणि खिशात घातला.

घरी आल्यावर चाप माझ्यापुढे ठेवला. मी नोकरीचं ऐकायला मन घट्ट करून उभी होते. ते म्हणाले, "तुझ्या आप्पास्नी सांगू नको. लय हौसेनं केलाय त्यांनी." आणि आत जाऊन पडून राहिले. नोकरीबद्दल अवाक्षर नाही.

मी दुसऱ्याच दिवशी सांगलीला गेले. आप्पांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी चाप दोन बोटांत दाबला आणि चष्मा काढून ठेवला. "नथ सणावारी घालायची असते," म्हणाले. "हा रोजचा. मला कळत होतं गं." दुकानात एक बंद पडलेलं गजराचं घड्याळ होतं. ते उघडून त्यांनी आतली पोलादी पट्टी कापली, वाकवली आणि चांदीच्या पानांखाली अशी दडवली की मलाही शोधावी लागली. चाप हातात देताना म्हणाले, "आत लोखंड आहे हे जावईबापूंना बोलू नकोस."

दोघांच्या शपथा घेऊन मी साताऱ्याला परतले. चाप आरशापाशी ठेवला आणि चुलीकडे वळले.

सोमवारी हे उठले, दाढी केली, शर्ट घातला. टाय उचलून बसवला. चाप मिटल्याचा आवाज मला चुलीपाशी ऐकू आला. त्यांनी टाय ओढून पाहिला, पुन्हा जोरानं ओढून पाहिला. तो हलला नाही. बराच वेळ ते आरशात बघत राहिले.

मग म्हणाले, "आगं, जरा हिकडं ये. सरळ हाय का बघ."

मी हात पुसले आणि गेले. त्यांनी हनुवटी वर केली. टाय सरळच होता. तरी मी तो नीट करत बराच वेळ उभी राहिले, आणि त्यांनी मला राहू दिलं.