दम खाण्याच्या जागा
परमुलखात पोळ्यांची कणिक भिजवली की त्या ओल्या वासाने मिठबावातली एक दुपार आठवते. गावच्या भजनी बुवांना दमा होता. ओळ गाऊन ते दम खात, तेवढ्यात त्यांचा धाकटा भाऊ पखवाज असा बोलता ठेवी की बुवा थांबलेत हे ऐकणाऱ्याला कळतही नसे. आवाज घुमावा म्हणून तो पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणिक थापत असतानाच, दोघांवरचा माझा लेख आलेलं मासिक घेऊन मी त्यांच्या घरी पोचलो. ‘बुवा दम खातात तेव्हा पखवाज बोलतो,’ असं मी लिहिलं होतं. छापलं होतं, ‘बुवा दम देतात तेव्हा पखवाज बोलतो.’ “आयकलंस गो वयनी? दादा दम देता म्हणान मी वाजवतंय!” भाऊ हसत सुटला. निदान आवाजात सगळं नीट असेल म्हणून मी लेखासोबत दिलेलं आणि मासिकाने नीट करून मोबाईलवर परत पाठवलेलं त्यांचं भजन लावलं. भावाला स्वतःचा हात पहिल्यांदाच ऐकायचा होता. ओळीला ओळ चिकटून आली. “माझो दमो खंय गेलो रे?” बुवांनी विचारलं. गाणं नसलेल्या मधल्या जागा मासिकवाल्यांनी रिकाम्या समजून कापल्या होत्या. भावाचा हात खुलायचा तो तिथेच. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि म्हणाला, “बरा झाला. दादाचो आवाज तरी ऱ्हवलो.” तेवढ्यात संपादकांचा फोन आला, कसं वाटलं म्हणून. आठवीत शाळा सोडलेल्या माझ्यासारख्याचं लिखाण ते छापत होते. त्या दोघांसमोरच मी म्हणालो, “फार आभारी आहे, साहेब.” अजूनही काही छापून आलं की मी आधी आभार कळवतो, मग वाचतो.